‘ओनाव्हो प्रोटेक्ट’ : एका संरक्षक साधनाचे परीक्षण

विश्वसनीयता हा शब्द मराठीत दोन निरनिराळ्या गुणांसाठी वापरला जातो आणि त्या दोहोंमधील भेद सहसा कोणी स्पष्ट करीत नाही. घड्याळ विश्वसनीय आहे असे म्हणताना ते वेळ बरोबर दाखविते एवढेच अभिप्रेत असते. मुनीम विश्वसनीय आहे असे म्हणताना मात्र त्याला हिशेब बिनचूक येतो एवढ्यावर कोणी थांबत नाही. तो हिशेब तो आपल्याच धन्यासाठी ठेवतो, शेजारच्या पेढीसाठी नव्हे, हेही त्यात गृहीत धरलेले असते. पहिल्या गुणाला भरवसा व दुसऱ्याला इमान म्हणणे सोयीचे होईल. मोबाइल फोनवरील खासगीपणाच्या रक्षणासाठी म्हणून जी साधने आज सर्वत्र आढळतात, विशेषतः ‘आभासी खासगी जाळे’ म्हणजे व्हीपीएन पुरविणारी जी अ‍ॅपे आहेत, त्यांच्या परीक्षणात हा भेद बहुधा हरवलेला असतो. जोडणीचा वेग, निरनिराळ्या देशांतील सर्व्हरांची यादी, पडद्यावरील मांडणीचा सुबकपणा, या गोष्टी मोजता येतात म्हणून मोजल्या जातात. त्या सर्व भरवशाच्या कक्षेतील होत. इमानाचा प्रश्न त्यांच्या बेरजेतून सुटत नाही.

‘ओनाव्हो प्रोटेक्ट’ हे अ‍ॅप या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. २०१९ मध्ये ते बंद झाले, तेव्हा वापरकर्त्याला सल्ला देण्याच्या दृष्टीने त्याचे परीक्षण निरुपयोगी वाटेल. परंतु या प्रकारच्या साधनांपैकी ज्याचा जीवनक्रम जाहिरातीपासून न्यायनिर्णयापर्यंत सार्वजनिक कागदपत्रांत नोंदला गेला आहे, असे दुसरे उदाहरण सहजी सापडणार नाही. चालू साधनांविषयी समीक्षकाला अनुमानावर अवलंबून राहावे लागते. येथे पुरावा हाती आहे.

प्रथम अशा साधनाचे कार्य थोडक्यात पाहणे अवश्य आहे. फोनवरून निघालेला प्रत्येक संदेश सामान्यतः मोबाइल कंपनीच्या अथवा वाय-फाय पुरविणाऱ्याच्या जाळ्यातून पुढे जातो. आज बहुसंख्य संकेतस्थळे कूटबद्ध जोडणी वापरत असल्याने संदेशाचा मजकूर त्या मध्यस्थास वाचता येत नाही. तथापि कोणत्या स्थळाशी, केव्हा, किती वेळ आणि किती माहितीची देवघेव झाली हे त्यास बव्हंशी कळते. व्हीपीएन अ‍ॅप फोन आणि आपला सर्व्हर यांच्यामध्ये एक कूटबद्ध बोगदा निर्माण करते व सारी वाहतूक त्यातून नेते. मोबाइल कंपनीला मग बोगद्याचे तोंड तेवढे दिसते. परंतु बोगद्याच्या दुसऱ्या टोकाशी जो बसलेला आहे, त्याला पूर्वी मोबाइल कंपनीला दिसत होते ते सर्व दिसू लागते. म्हणजे पाळत नाहीशी होत नाही. पाळत ठेवू शकणारा बदलतो. या साधनाचा सारा गुणदोषविचार या एका वाक्याभोवती फिरतो, आणि नेमके तेच वाक्य कोणत्याही जाहिरातीत नसते.

असे परीक्षण करताना कसोटीचे स्थळ कोणते घ्यावे हाही एक प्रश्न आहे. प्रचलित परीक्षणांत परदेशातील उपाहारगृहात बसून बँकेचे व्यवहार करणारा प्रवासी कल्पिलेला असतो. त्याऐवजी गोंदिया तालुक्यातील बिरसी हे गाव घेतले तर चित्र पालटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, ब्रिटिशांनी येथे धावपट्टी बांधली. पुढे ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडून १९९८ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे व २००५ च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र येथे उभे राहिले आणि मार्च २०२२ मध्ये नियमित प्रवासी विमानसेवाही सुरू झाली. धावपट्टीच्या पलीकडे मात्र धानाची शेती आहे. त्यामुळे विमानाची वाट पाहणारा व्यापारी आणि दिवसाच्या ठरावीक डेटावर फोन चालविणारा शेतकऱ्याचा मुलगा असे दोन अगदी भिन्न वापरकर्ते येथे एकाच मनोऱ्याच्या छायेत येतात. पहिल्याला या साधनाचा उपयोग कधीमधी होईलही. दुसऱ्याला त्याची जाहिरात मात्र अधिक वेळा दिसते, कारण फुकट मिळणारी अ‍ॅपे जाहिरातींवरच चालतात. प्रस्तुत परीक्षणात हा दुसरा वापरकर्ता प्रमाण मानला आहे.

ओनाव्हो ही कंपनी २०१० मध्ये इस्रायलमध्ये स्थापन झाली. तिची आरंभीची साधने खासगीपणासाठी नव्हतीच. मोबाइलवरील माहिती संकोचून डेटाचा खर्च कमी करणे आणि कोणते अ‍ॅप किती डेटा खाते हे दाखविणे, ही त्यांची कामे होती व ती उपयुक्त होती. मोजून मापून डेटा वापरणाऱ्या माणसाला त्यांचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक होय. ऑक्टोबर २०१३ मध्ये फेसबुकने ही कंपनी विकत घेतली. त्यानंतर ‘प्रोटेक्ट’ हे अ‍ॅप पुढे आले. फोनवरील सर्व वाहतूक ओनाव्होच्या सर्व्हरांतून जाईल, धोकादायक स्थळाकडे वळल्यास इशारा मिळेल आणि व्यक्तिगत माहिती सुरक्षित राहील, असा त्याच्या वर्णनाचा आशय होता. मूल्य काहीच नव्हते.

आता मांडणीकडे वळावे. अ‍ॅपच्या नावात ‘रक्षण’ आहे, चिन्हात रक्षण आहे, आणि वापरकर्त्याकडून अपेक्षिलेली कृती एकच, चालू करण्याची. या साधेपणाची प्रशंसा करण्याचा मोह होतो. दारूकामातल्या वातीसारखे, एकदा पेटविले की पुढचे आपोआप, अशी ही रचना. सामान्य माणसाला तांत्रिक तपशिलाचा ताप नको, हे तिचे समर्थन. या समर्थनात तथ्य नाही असे नाही. परंतु मांडणीतून काय वगळले यावरून तिचा हेतू कळतो. बोगद्याचे तोंड दाखविणारी कळ आहे. बोगद्याचे दुसरे टोक कोणाच्या अंगणात उघडते हे दाखविणारे काहीही नाही. ओनाव्हो फेसबुकचे आहे ही गोष्ट गुप्त होती असे नव्हे. ती वर्णनात खोलवर व धोरणपत्रात लिहिलेली होती. पण जेथे वापरकर्ता निर्णय घेतो त्या जागी ती नव्हती.

येथे भाषेविषयी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. गोपनीयता या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘गुप्’ या संस्कृत धातूचा अर्थ रक्षण करणे असाही आहे आणि लपविणे असाही. रक्षण आणि दडवणूक एकाच धातूतून निघावी हे या अ‍ॅपच्या बाबतीत विलक्षण सार्थ ठरले. ‘खासगी’ या शब्दाचा इतिहास आणखी बोलका आहे. मूळ अरबी ‘खास’पासून आलेला हा शब्द मराठेशाहीत राज्यकर्त्याच्या स्वतःच्या मालमत्तेसाठी व घरखर्चासाठी वापरला जाई, होळकरांची ‘खासगी’ प्रसिद्ध आहे. खासगी म्हणजे धन्याचे स्वतःचे. ‘आभासी खासगी जाळे’ या संज्ञेत ते जाळे नेमके कोणाची खासगी, हा प्रश्न म्हणूनच गैरलागू म्हणता येणार नाही.

वस्तुतः या संपूर्ण व्यवहारात एक प्रामाणिक वाक्य वापरकर्त्यासमोर येतेच. मात्र ते अ‍ॅपने लिहिलेले नसते. अँड्रॉइड प्रणालीत २०११ मधील चौथ्या आवृत्तीपासून कोणत्याही व्हीपीएन अ‍ॅपला प्रथमच जोडणी उभारताना प्रणालीकडून परवानगी घ्यावी लागते. त्या वेळी पडद्यावर जी चौकट उमटते, तिच्यात हे अ‍ॅप तुमच्या जाळ्यावरील वाहतुकीवर लक्ष ठेवू शकेल, स्रोतावर विश्वास असेल तरच मान्यता द्या, अशा आशयाचा मजकूर असतो. प्रणालीच्या कर्त्यांनी येथे अ‍ॅपकर्त्यांवर अविश्वास दाखविला आणि तो योग्य होता. तथापि ही चौकट अशा क्षणी येते की ज्या क्षणी वापरकर्त्याने मनाशी निर्णय घेऊन टाकलेला असतो. अ‍ॅप उतरविण्यात त्याचा डेटा खर्च झालेला असतो, आणि ‘रक्षण’ मिळविण्याच्या वाटेवर ‘लक्ष ठेवणे’ हे शब्द त्याला एक औपचारिक अडथळा वाटतात. शिवाय ही चौकट फोन ज्या भाषेत लावलेला असेल त्या भाषेत येते. गोंदियाकडे घरात पोवारी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि फोन इंग्रजीत अशी स्थिती असू शकते. त्या स्थितीत हे वाक्य वाचले जात नाही. ते ओलांडले जाते.

यंत्र म्हणून ओनाव्होचा भरवसा होता की नाही? होता, असेच म्हणावे लागते. जोडणी उभी राही, वाहतूक बोगद्यातून जाई, सर्व्हरपर्यंत पोहोचे. आणि येथेच या प्रकरणाची खरी गोम आहे. फेसबुकच्या दृष्टीने अ‍ॅप जितके भरवशाचे, तितकी त्यातून मिळणारी माहिती पूर्ण. वापरकर्ता कोणती अ‍ॅपे उघडतो, प्रत्येकावर दिवसाकाठी किती सेकंद घालवितो, कोणती स्थळे पाहतो, याची नोंद होत राहिली. या माहितीचा उपयोग कशासाठी झाला तेही पुढे आले. ब्रिटिश संसदेच्या एका समितीने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांत ओनाव्होच्या आकड्यांवरून तयार केलेले तक्ते होते. व्हॉट्सअ‍ॅप किती वेगाने वाढत आहे हे त्यांतून फेसबुकला दिसत होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप सुमारे १९ अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले. गोंदियातील धानाच्या दलालापासून शाळेच्या शिक्षकापर्यंत सर्वांच्या फोनवर असलेले हे अ‍ॅप कोणाच्या मालकीचे झाले, याच्या पार्श्वभूमीला दुसऱ्या एका ‘संरक्षक’ अ‍ॅपने गोळा केलेली माहिती होती, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रकरणाचे खरे प्रमाण समजते. एकेका वापरकर्त्याचे रहस्य फुटणे एवढ्यापुरताच हा प्रश्न नव्हता. लक्षावधी निरुपद्रवी सवयींची बेरीज करून बाजारपेठेचा नकाशा काढला जात होता.

पुढील क्रम थोडक्यात असा. फेब्रुवारी २०१८ मध्ये फेसबुकच्या आयफोनवरील अ‍ॅपच्या यादीतच ‘प्रोटेक्ट’ची वाट दाखविण्यात आली. ऑगस्ट २०१८ मध्ये माहिती गोळा करण्याविषयीचे नियम मोडल्याच्या कारणावरून अ‍ॅपलच्या दुकानातून ते काढले गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये अँड्रॉइडवरूनही ते मागे घेण्याचे ठरले. डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने दावा लावला, आणि जुलै २०२३ मध्ये तेथील संघ न्यायालयाने फेसबुक इस्रायल व ओनाव्हो या दोन्ही उपकंपन्यांना प्रत्येकी १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. दाव्यातील कालखंड फेब्रुवारी २०१६ ते ऑक्टोबर २०१७ असा होता व त्या मुदतीत ऑस्ट्रेलियात २ लाख ७० हजारांहून अधिक वेळा हे अ‍ॅप उतरविले गेले होते.

या निर्णयातील मुद्दा समीक्षेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. कंपनीने माहिती गोळा केली हा दोष धरलेला नाही; गोळा केलेली माहिती संरक्षणाव्यतिरिक्त अन्य कामांसाठीही वापरली जाईल हे अ‍ॅपच्या दुकानातील वर्णनात पुरेसे सांगितले नाही, हा दोष धरला आहे. म्हणजे न्यायालयाने दंड केला तो मांडणीला. कोणी म्हणेल की धोरणपत्रात सारे नमूद होते व ते न वाचणे ही वापरकर्त्याची चूक होय. हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु पाटीवर ‘धर्मशाळा’ आणि आतल्या वहीत भाडेपट्टा, असे असेल तर वही सर्वांना खुली होती हा बचाव कोणत्या पंचांनी मान्य केला असता? वर्णन हे वचन आहे आणि धोरणपत्र हा त्याला जोडलेला अपवाद आहे. अपवादाने वचनच गिळून टाकले तर त्याला अपवाद म्हणणे कठीण. दुसरा आक्षेप असा की अ‍ॅप फुकट होते, तेव्हा मोबदल्यात काही तरी द्यावेच लागणार. हे खरे आहे. पण मोबदला काय हे न सांगता केलेल्या सौद्याला विनामूल्य म्हणणे हा शब्दच्छल होय.

२०२४ मध्ये अमेरिकेतील एका खटल्याच्या निमित्ताने खुली झालेली कागदपत्रे याहून पुढे जातात. २०१६ पासून ओनाव्होच्या तंत्राच्या साहाय्याने स्नॅपचॅटसारख्या प्रतिस्पर्ध्यांच्या कूटबद्ध वाहतुकीचेही विश्लेषण करण्याचा प्रयत्न झाला, असा फिर्यादी पक्षाचा आरोप त्यांत आहे. हा प्रयत्न मोबदला घेऊन सहभागी झालेल्या गटापुरता होता, तेव्हा तो ‘प्रोटेक्ट’च्या सर्व वापरकर्त्यांवर लादू नये. तरी बोगदा खोदण्याचे कौशल्य आणि बोगद्यात डोकावण्याचे कौशल्य एकच असते, हे त्यातून दिसते.

मग पैसे देऊन घेतलेली साधने या दोषापासून मुक्त आहेत काय? काही अंशी आहेत. ग्राहकाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला त्याची माहिती विकण्याची गरज कमी असते. ‘आम्ही नोंद ठेवत नाही’ हे अशा संस्थांचे मुख्य वचन होय, आणि ते पारखण्याचा मार्ग विचित्र आहे: जप्ती आली तरच ते सिद्ध होते. तुर्कस्तानच्या अधिकाऱ्यांनी एक्स्प्रेसव्हीपीएनचा सर्व्हर ताब्यात घेतला, त्यात उपयोगी नोंद सापडली नाही, हे २०१७ मध्ये प्रकट झाले. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनमधील मुलवाड या संस्थेच्या कार्यालयात पोलीस झडतीचा हुकूम घेऊन आले आणि रिकाम्या हाताने परतले; ही संस्था ग्राहकाचे नाव वा ई-मेलही विचारत नाही, केवळ एक क्रमांक देते, हे त्याचे कारण. उलट बाजूस, जुलै २०२० मध्ये हाँगकाँगमधील यूएफओ व्हीपीएन व तिच्याशी संबंधित काही अ‍ॅपांच्या वापरकर्त्यांच्या नोंदी उघड्यावर सापडल्या. नोंद ठेवत नसल्याचे वचन त्यांनीही दिलेले होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवेगळ्या नावांनी चालणारी, पण आतून एकाच घराण्यातली अशी अ‍ॅपांची तीन कुळे दाखविण्यात आली. त्यांची एकत्रित उतरवणूक ७० कोटींहून अधिक होती, आणि त्यांतील अनेकांत परवलीचा शब्द अ‍ॅपच्या पोटातच लिहून ठेवलेला होता. साऱ्या गावाला एकच किल्ली वाटून प्रत्येकाला कुलूप विकावे, त्यातलाच हा प्रकार.

भरवशाच्या प्रश्नाकडे आता पुन्हा यावे, कारण इमान असूनही साधन निकामी असू शकते. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ व न्यू साउथ वेल्स विद्यापीठ आणि अमेरिकेतील बर्कली येथील संशोधकांनी २०१६ मध्ये अँड्रॉइडवरील २८३ व्हीपीएन अ‍ॅपे तपासली. त्यांपैकी १८ टक्क्यांत कूटबद्धता मुळीच नव्हती. ७५ टक्क्यांत वापरकर्त्याचा मागोवा घेणारे तिसऱ्या पक्षाचे कोड होते. स्थळांची नावे विचारणाऱ्या डीएनएस चौकशा ६६ टक्के अ‍ॅपांत, आणि आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीची वाहतूक ८४ टक्क्यांत, बोगद्यातून नेली जात नव्हती. हा शेवटचा आकडा युरोपीय वाचकाला तांत्रिक तपशील वाटला असेल. भारतीय वाचकाने तेथे थांबले पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि तिने आरंभापासून ग्राहकांना आयपीव्ही६ पत्ते दिले. एरवी किरकोळ ठरणारे छिद्र अशा जाळ्यावर मोठ्या दरवाजाएवढे होते. बिरसीच्या शेतकऱ्याच्या मुलाने त्या काळात असे एखादे अ‍ॅप घेतले असते तर चावीचे चिन्ह पडद्यावर दिसत राहिले असते आणि त्याची बरीचशी वाहतूक एक तर अडली असती किंवा बोगद्याला वळसा घालून गेली असती. चिन्हाला यातले काहीच ठाऊक नसते.

जोडणी तुटण्याच्या क्षणी साधन कसे वागते, ही भरवशाची खरी परीक्षा. गावाकडे फोन ४जी वरून २जी वर घसरतो, दोन मनोऱ्यांच्या मध्ये लटकतो, भारनियमनात मनोराच मुका होतो. अशा वेळी बोगदा पडला असता वाहतूक थांबवावी की उघड्यावरून जाऊ द्यावी? चांगल्या साधनात ती थांबते. अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, व्हीपीएनविना जोडण्या रोखण्याची सोय प्रणालीतच आहे. ती शोधण्यासाठी मात्र सेटिंग्जच्या तीन-चार पायऱ्या उतराव्या लागतात. ही सोय चालू असतानाही फोन इंटरनेट आहे की नाही हे तपासणारे काही संदेश बाहेरूनच पाठवितो, हे मुलवाडने २०२२ मध्ये दाखवून दिले. आयफोनवर व्हीपीएन लावण्यापूर्वी उघडलेल्या जोडण्या बंद होत नाहीत, असा दोष प्रोटॉन या संस्थेने मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध केला होता. सारांश, बोगदा खोदणारा प्रामाणिक असला तरी जमीन त्याची नसते. दोष स्वतः जाहीर करणाऱ्या संस्थांविषयी आदर वाटावा. पण परीक्षणात गुण द्यायचे ते आदराला नव्हे.

कायद्याच्या बाजूने पाहता भारतातील वापरकर्त्याची स्थिती अधिक गुंतागुंतीची झाली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. प्रमुख निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे. त्यात त्यांनी १९७६ च्या जबलपूर प्रकरणातील ज्या मताला चुकीचे ठरविले, त्या मताच्या बाजूने त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड उभे राहिले होते. मराठी वाचकाला हा पितापुत्रांचा संवाद ठाऊक असतोच. पाच वर्षांनी, २८ एप्रिल २०२२ रोजी, केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७०ब खाली निर्देश काढले. त्यांनुसार व्हीपीएन पुरविणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचा हेतू यांची नोंद सेवा संपल्यानंतरही किमान पाच वर्षे ठेवावयाची होती. कंपन्यांच्या अंतर्गत जाळ्यांना यातून वगळण्यात आले. सायबर गुन्ह्यांचा तपास हा शासनाचा हेतू रास्त आहे यात शंका नाही. पण ‘नोंद नाही’ हाच ज्या मालाचा गुण, त्याला नोंद सक्तीची केली की माल उरत नाही. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी जून २०२२ मध्ये, आणि प्रोटॉनने त्यानंतर, भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. त्यानंतर त्यांच्यापैकी काहींच्या यादीत ‘भारत’ हे नाव राहिले, पण त्यामागचे यंत्र सिंगापुरात वा ब्रिटनमध्ये होते. बिरसीहून नागपूरच्या स्थळाकडे निघालेली विनंती सिंगापूरमार्गे जावी, हा या व्यवहारातला विनोद म्हणावा लागेल. कंपन्यांनी ही व्यवस्था लपविली नाही, एवढे त्यांच्या बाजूने सांगता येते. जानेवारी २०२५ मध्ये शासकीय आदेशावरून काही व्हीपीएन अ‍ॅपे भारतातील दुकानांतून काढलीही गेली.

एवढे सारे पाहिल्यानंतर, प्रारंभी प्रमाण मानलेल्या वापरकर्त्याला या साधनापासून मिळते काय, हे तपासले पाहिजे. त्याच्या खासगीपणाला खरा धोका कोठून आहे? फोन पुष्कळदा एकट्याचा नसतो. तो दिवसा बापाच्या खिशात, संध्याकाळी बहिणीच्या अभ्यासाला आणि रात्री मुलाच्या हातात असतो. आधार कार्डाची प्रत सेतू केंद्रावर, सिमकार्डाच्या दुकानात, कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या पोटात पडलेली असते. ओटीपी विचारणारा फोन बोगद्यातून येत नाही. तो सरळ कानाशी येतो. या साऱ्यांपैकी एकाही ठिकाणी व्हीपीएनचा उपयोग नाही. मोबाइल कंपनीला आपली स्थळयादी दिसू नये अशी त्याची इच्छा असेल तर ती पूर्णतः न्याय्य आहे. पत्रकार, कार्यकर्ता किंवा घरच्यांच्या नजरेआड वैद्यकीय माहिती शोधणारी स्त्री यांना तर ती निकडीची वाटू शकेल, आणि तिच्या बाबतीत तरी घरच्या नजरेला हा बोगदा अडवीत नाही हे आधी सांगणे भाग आहे. फोनमध्ये पाहिलेल्या पानांची यादी तशीच राहते.

म्हणून ओनाव्होच्या मांडणीवरील अंतिम आक्षेप तिने माहिती नेली एवढाच उरत नाही. जे भय वापरकर्त्याला नव्हते ते तिने त्याच्यापुढे उभे केले, त्यावर उतारा म्हणून स्वतःला पुढे केले, आणि जे भय त्याला असावयास हवे होते त्याच्याविषयी मौन पाळले. दोष सुधारता आला असता काय? अ‍ॅपच्या पहिल्या पडद्यावर, चालू करण्याच्या कळीच्या वर, मोठ्या अक्षरांत ‘तुमचे सारे येणेजाणे यापुढे मोबाइल कंपनीऐवजी फेसबुक पाहील’ एवढे छापणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नव्हते. ओळ दहा शब्दांच्या आत बसते व छोट्या पडद्यावरही मावते. मराठीत, हिंदीत किंवा पोवारीतही ती लिहिता आली असती.